किडनीचा कॅन्सर आणि पल्मनरी आर्टरीतला अडथळा: गुठळी समजून नुसतं हेपरिन चालू ठेवायचं का?

कृष्णाकाठचा_फिजिशियन

नमस्कार. एका पेशंटबद्दल मत हवं आहे.

वय ५८, पुरुष, वजन ६४ किलो. उजव्या किडनीत ९ सेंटिमीटरची गाठ. ती रीनल व्हेनमधून आयव्हीसीत (पोटातून हृदयाकडे जाणारी मुख्य शीर) शिरली आहे आणि वरचं टोक हिपॅटिक व्हेन्सच्या (यकृताच्या शिरांच्या) खाली थांबलं आहे. लघवीतून अधूनमधून रक्त जातं. दोन्ही पायांवर सूज आहे. उजव्या बाजूला व्हॅरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या) आहे, तो आडवं झोपवल्यावरही उतरत नाही. दोन आठवड्यांपासून एक मजला चढला तरी धाप लागते. ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ८९, बीपी १२४/७८, पल्स १०४, क्रिएटिनिन १.६.

सीटी पल्मनरी अँजिओत (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी) उजव्या लोअर लोबच्या आर्टरीत फिलिंग डिफेक्ट, म्हणजे रक्त न भरलेली जागा, दिसला. रिपोर्टमध्ये ‘अक्यूट पल्मनरी एम्बोलिझम’ (फुफ्फुसाच्या आर्टरीत अचानक आलेला अडथळा) एवढंच लिहिलं आहे. डाव्या पायाच्या डॉपलरमध्ये पॉप्लिटियल व्हेनमध्ये (गुडघ्यामागची शीर) गुठळी आहे. एनॉक्सापॅरिन (हेपरिनच्याच गटातलं इंजेक्शन) सुरू केलं आहे.

आता अडतंय ते असं. फुफ्फुसात गेलेली ही साधी रक्ताची गुठळी आहे की गाठीचाच तुकडा, हे कशावरून ठरवायचं? पायात गुठळी सापडली म्हणजे प्रश्न मिटला असं धरायचं का? आयव्हीसी फिल्टर (गुठळी वर जाऊ नये म्हणून शिरेत बसवायची जाळी) टाकावा असं एकाने सुचवलं आहे. दुसऱ्याचं म्हणणं, तीन महिने रक्त पातळ करायचं औषध द्या आणि मग ऑपरेशनचं बघा. मला हे दोन्ही पटत नाहीये, पण नेमकं कुठे चुकतंय तेही सांगता येत नाही.

---

छेदचित्र

रेडिओलॉजीच्या बाजूने लिहितो.

पायात गुठळी सापडली म्हणजे फुफ्फुसातलीही गुठळीच, असं अजिबात नाही. आयव्हीसी गाठीने अडली की खालच्या भागातलं रक्त तुंबतं आणि तिथे साधी गुठळी होते. या पेशंटमध्ये दोन्ही पायांवर सूज आहे आणि व्हॅरिकोसील उतरत नाही, म्हणजे आयव्हीसी चांगलीच अडली आहे. त्यामुळे एकाच माणसात खाली साधी गुठळी, वर ट्यूमर थ्रॉम्बस (शिरेत वाढलेला गाठीचाच भाग) आणि फुफ्फुसात यांपैकी काहीही, कधीकधी दोन्ही, असं असू शकतं.

सीटी पल्मनरी अँजिओवर फरक न कळण्याचं कारण वेळेत आहे. त्या स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, चित्रात पांढरं दिसणारं औषध) पल्मनरी ट्रंकमध्ये पोचताच, म्हणजे इंजेक्शननंतर साधारण १५ ते २० सेकंदांत चित्र घेतलं जातं. तेवढ्या वेळात गाठीच्या तुकड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या भरलेल्याच नसतात. म्हणून तो तुकडाही गुठळीसारखा काळाच दिसतो. उशिराचा फेज हवा. ६० ते ७० सेकंदांवर छाती आणि पोट दोन्ही पुन्हा घ्यायचं. आधी कॉन्ट्रास्टशिवायचा स्कॅन असेल तर फिलिंग डिफेक्टच्या आत आरओआय (मोजण्यासाठी आखलेलं वर्तुळ) ठेवून दोन्हीकडचे हाउन्सफील्ड (सीटीवरची घनता) आकडे मोजायचे. २० किंवा त्याहून जास्त वाढ दिसली तर आत रक्तपुरवठा आहे, म्हणजे ती गाठ. साध्या गुठळीचा आकडा जागचा हलत नाही. आरओआय ठेवताना कडेचं कॉन्ट्रास्ट भरलेलं रक्त आत येता कामा नये. लहान तुकड्यात ही चूक फार होते आणि खोटी वाढ दिसते.

आकारही बघा. साध्या ताज्या गुठळीने पूर्ण अडलेली आर्टरीही थोडी फुगू शकते, पण मण्यांसारखी सहसा नाही. गाठीचा तुकडा तिथे वाढतो, त्यामुळे त्या भागातली आर्टरी शेजारच्या फांदीपेक्षा रुंद दिसते, कधी मण्यांच्या माळेसारखी. औषध नीट चालू असताना दोन-तीन आठवड्यांनी तोच डिफेक्ट तसाच असेल किंवा वाढला असेल, तर संशय आणखी पक्का होतो.

आयव्हीसीबद्दल एक खबरदारी. लवकरच्या फेजमध्ये किडनीकडून आलेलं पांढरं रक्त आणि पायांकडून आलेलं कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त मिसळतं आणि तिथे गुठळी असल्याचा भास होतो. थ्रॉम्बसचं वरचं टोक या फेजवर मोजू नका. एमआरआय झाला तर उत्तम. सबट्रॅक्शन (कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं वजा करणं) करून बघितलं की ट्यूमर कुठे संपतो आणि साधी गुठळी कुठे सुरू होते ते वेगळं काढता येतं. क्रिएटिनिन १.६ आहे म्हणून गॅडोलिनियमला (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) घाबरायचं कारण नाही, ग्रुप दोनमधलं, म्हणजे किडनी कमजोर असतानाही सुरक्षित मानलेलं एजंट वापरा.

पेट स्कॅनबद्दल विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. किडनीच्या कॅन्सरच्या क्लिअर सेल प्रकारात एफडीजी (पेटसाठी दिली जाणारी किरणोत्सारी साखर) बऱ्याचदा कमी घेतलं जातं. आर्टरीतला डिफेक्ट पेटवर चमकला तर उपयोग आहे. चमकला नाही म्हणून गाठ नाही असं म्हणता येत नाही.

---

मूत्ररोग_शल्य

छेदचित्र यांनी निदानाचं सांगितलंच आहे. ऑपरेशनचं मी लिहितो.

तुमचा पेशंट मेयो वर्गवारीत (थ्रॉम्बस किती वर चढला ते सांगणारी) लेव्हल दोन. रीनल व्हेनच्या तोंडापासून २ सेंटिमीटरच्या वर, हिपॅटिक व्हेन्सच्या खाली. स्टेजिंगला टी३बी.

तीन महिने थांबण्याचा सल्ला कुठून येतो ते आधी बघू. क्रॉनिक थ्रॉम्बोएम्बोलिक पल्मनरी हायपरटेन्शनचं (जुन्या गुठळ्यांमुळे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब) निदान करण्याआधी किमान तीन महिने पुरेसं अँटिकोॲग्युलेशन झालेलं असावं, असा नियम आहे. तो साध्या गुठळीसाठी आहे, कारण ती विरघळायला वेळ लागतो. इथे आयव्हीसीत जिवंत गाठ लोंबकळते आहे. त्या तीन महिन्यांत ती हिपॅटिक व्हेन्सच्या वर, पुढे उजव्या एट्रियमपर्यंत चढू शकते. लेव्हल दोनचं ऑपरेशन पोटातून होतं. लेव्हल चार झाली की कार्डिओपल्मनरी बायपास (हृदय-फुफ्फुसाचं काम यंत्रावर) आणि अनेकदा १८ ते २० अंशांपर्यंत शरीर थंड करून रक्ताभिसरण थांबवणं, इतका फरक पडतो. शिवाय रोज नवा तुकडा सुटण्याचा धोका आहे. ट्यूमर थ्रॉम्बस असताना थांबणं हा उपचार नव्हे.

पल्मनरी आर्टरीत तुकडा गेला म्हणून पेशंट ऑपरेशनच्या पलीकडे गेला, असंही धरू नका. दूर कुठे पसरलेलं नसेल आणि पेशंटची ताकद बरी असेल तर किडनी, आयव्हीसीतला थ्रॉम्बस आणि फुफ्फुसातला तुकडा एकाच बैठकीत काढता येतो. त्यासाठी हृदयशल्यविशारद त्याच टेबलावर हवा. मुख्य किंवा लोबच्या आर्टरीत तुकडा असेल तर काढावा. अगदी टोकाच्या फांदीतला लहान तुकडा असेल तर त्यासाठी छाती उघडून बायपासवर जाणं कितपत योग्य, हे एकत्र बसून ठरवायचं. तुमच्याकडे लोअर लोबची आर्टरी आहे, म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी रीनल आर्टरी बांधायची, म्हणजे गाठ आणि थ्रॉम्बस दोन्ही थोडे आक्रसतात आणि रक्तस्रावही घटतो. आयव्हीसी वर-खाली ताब्यात येईपर्यंत किडनी हलवायची नाही, दाबायची नाही, ओढायची नाही. टेबलावर तुकडा सुटतो तो बहुतेक वेळा इथेच. मग खालची आयव्हीसी, डावी रीनल व्हेन आणि शेवटी थ्रॉम्बसच्या वरची आयव्हीसी अशा क्रमाने क्लॅम्प. आयव्हीसी उघडून थ्रॉम्बस रीनल व्हेनच्या तोंडासकट अखंड काढायचा. तो भिंतीला चिकटलेला असेल तर भिंतीचा तो भागही. बायपास लागणार असेल तर हेपरिन देण्याआधी किडनी पूर्ण मोकळी करून मागची जागा कोरडी झालेली असावी, नाहीतर हेपरिननंतर तिथून रक्त थांबता थांबत नाही.

फिल्टर नको. थ्रॉम्बसच्या वर बसवलेला फिल्टर गाठीत गुंततो आणि जिथे क्लॅम्प लावायचा तीच जागा अडवतो. बसवतानाच तुकडा सुटू शकतो. पायात साधी गुठळी आहे आणि रक्त पातळ करायचं औषध देताच येत नाही, अशा पेशंटमध्ये तरी ऑपरेशन करणाऱ्या टीमला विचारल्याशिवाय फिल्टर टाकू नये.

ऑपरेशनच्या वेळी स्कॅन ताजा हवा. १४ दिवसांपेक्षा जुना स्कॅन घेऊन आत जाऊ नका. आठवड्याभरातला असेल तर आणखी चांगलं. लेव्हल बदललेली असली तर अख्खी तयारी बदलते.

---

भूल_आणि_अतिदक्षता

ठिकाण कुठलंही असो, रेफर करण्याआधी हे करू नका: जांघेतून सेंट्रल लाइन. वायर वर सरकताना थेट थ्रॉम्बसला लागते. मानेतून लाइन टाकली तर टोक सुपिरिअर व्हेना कॅव्हातच ठेवा, वायर एट्रियममध्ये ढकलू नका. एट्रियममध्ये थ्रॉम्बस असेल तर स्वान-गान्झ कॅथेटर (हृदयातून पल्मनरी आर्टरीत जाणारी नळी) टाकायचा नाही.

टेबलावर ईटीसीओटू (बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) अचानक खाली आला, त्यापाठोपाठ सॅच्युरेशन आणि बीपी उतरलं, तर तुकडा सुटला असं धरून चालायचं. म्हणूनच ट्रान्सइसोफेजियल इको (अन्ननलिकेतून केलेला इको) सुरुवातीपासून चालू ठेवतात. थ्रॉम्बसचं टोक डोळ्यासमोर राहतं.

मोठा तुकडा सुटून पेशंट कोसळला तर अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध)? ते फायब्रिनवर, म्हणजे गुठळीच्या धाग्यांवर काम करतं, गाठीच्या पेशींवर नाही. उलट रक्तवाहिन्यांनी भरलेल्या किडनीच्या गाठीतून रक्तस्राव होण्याची भीती. सोय असेल तर सर्जिकल एम्बोलेक्टॉमी, किंवा एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) घेऊन वेळ मिळवणं हा मार्ग. कॅथेटरने ओढून काढता आलं तर दुहेरी फायदा, कारण बाहेर आलेला तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवता येतो. हे पाठवायला विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितोय: सलाइनमध्ये नाही, फॉर्मॅलिनमध्ये.

---

कृष्णाकाठचा_फिजिशियन

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिराच्या फेजसह सीटी पुन्हा करून घेतो आणि पेशंटला हृदयशल्यक्रियेची सोय असलेल्या केंद्रात पाठवतो. एनॉक्सापॅरिन तोवर चालू ठेवायचं ना?

आणखी एक उपप्रश्न. इथे किमान डिफेक्ट तरी दिसला. किडनीचा कॅन्सर आहे, धाप आहे, सॅच्युरेशन कमी आहे, पण एक्सरे स्वच्छ आणि सीटी पल्मनरी अँजिओही स्वच्छ, असं असेल तर कुठून सुरुवात करायची?

---

मंद_श्वास

छातीरोगाच्या बाजूने. एनॉक्सापॅरिनचं आधी. चालू ठेवा. गाठीचा तुकडा असला तरी त्याच्यावर साधी गुठळी चढते आणि पायात तर आहेच. क्रिएटिनिन क्लिअरन्स काढला तर (१४० वजा ५८) गुणिले ६४, भागिले (७२ गुणिले १.६), म्हणजे जवळपास ४५. ३० च्या वर आहे, म्हणून ६० मिलिग्रॅम दर १२ तासांनी. ऑपरेशनच्या २४ तास आधी शेवटचा डोस. किडनी काढल्यावर क्लिअरन्स ३० च्या खाली जाऊ शकतो, तेव्हा जुनाच डोस आपोआप सुरू होऊ देऊ नका. १ मिलिग्रॅम प्रति किलो दिवसातून एकदा, किंवा सुरुवातीचे दिवस साधं हेपरिन. लघवीतून रक्त जातंय, म्हणून हिमोग्लोबिन दर दोन दिवसांनी.

आता स्वच्छ सीटीचा प्रश्न. हाच खरा अवघड प्रकार आणि यातच वेळ वाया जातो.

आधी ब्लड गॅस करा, ऑक्सिजन काढून, आणि ए-ए ग्रेडियंट (फुफ्फुसाच्या वायुकोशातला आणि धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन यांतला फरक) मोजा. कोल्हापूर-सांगलीची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणून हवेचा दाब ७६० न धरता सुमारे ७१० धरा. समजा धमनीतला ऑक्सिजन (पीएओटू) ५८ आणि कार्बन डायऑक्साइड (पीसीओटू) २८ आला. अल्व्हिओलसमधला (वायुकोशातला) ऑक्सिजन: ०.२१ गुणिले (७१० वजा ४७) म्हणजे १३९, त्यातून २८ भागिले ०.८ म्हणजे ३५ वजा, उरले १०४. ग्रेडियंट ४६. साठीच्या माणसात १९-२० पर्यंत चालतो. म्हणजे फुफ्फुस वरून स्वच्छ दिसतंय, पण देवाणघेवाण बिघडलेली आहे. हा आकडा लिहून ठेवला की ‘टेन्शनमुळे धाप’ असं कोणी म्हणू शकत नाही.

मग इको. उजवं व्हेंट्रिकल मोठं आहे का, टॅप्सी (उजव्या व्हेंट्रिकलचा जोर दाखवणारं माप) १७ मिलिमीटरच्या खाली आहे का, सेप्टम (दोन व्हेंट्रिकलमधला पडदा) डाव्या बाजूला दबलाय का. उजव्या व्हेंट्रिकलची भिंत ५ मिलिमीटरपेक्षा जाड आणि ट्रायकस्पिड जेटचा वेग सेकंदाला ३.८ मीटरच्या वर असेल तर हा ताण आठवडे-महिने चालू आहे. अचानक पहिल्यांदा अडथळा आलेलं उजवं व्हेंट्रिकल एवढा दाब तयारच करू शकत नाही. बबल टेस्टही (शिरेतून बुडबुडे सोडून इको) करून घ्या. उजवीकडचा दाब वाढलेला असताना फोरामेन ओव्हेल (दोन एट्रियममधलं जन्मजात छिद्र) उघडं असेल तर सॅच्युरेशन आणखी पडतं आणि तुकडा मेंदूकडे जाऊ शकतो.

त्यानंतर व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा, म्हणजे व्हेंटिलेशन, आणि रक्त, म्हणजे परफ्युजन, कुठे पोचतं ते दाखवणारा). गाठीच्या पेशींचे सूक्ष्म पुंजके इतक्या बारीक आर्टरीत अडकतात की सीटीच्या नजरेत येत नाहीत. परफ्युजनमध्ये मात्र दोन्ही फुफ्फुसांच्या कडेला लहान लहान, विखुरलेले, व्हेंटिलेशनशी न जुळणारे डिफेक्ट दिसतात. सीटीचे पातळ काप पुन्हा बघायला सांगा: कडेच्या आर्टरी गाठाळ झाल्यात का, ट्री-इन-बडसारखं (कळ्या आलेल्या फांदीसारखं चित्र) काही आहे का. ट्री-इन-बड दिसलं की आपल्याकडे पहिला विचार टीबीचा येतो आणि उपचारही सुरू होतात. थुंकीत काही सापडत नाही, ताप नाही, ऑक्सिजन मात्र चित्राच्या मानाने फारच कमी, असं असेल तर थांबून रक्तवाहिन्यांचा विचार करा.

याच गटातला सर्वांत वाईट प्रकार म्हणजे पल्मनरी ट्यूमर थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी (गाठीच्या पेशींमुळे फुफ्फुसाच्या बारीक आर्टरी बंद होणं). फोन हेर्बाय आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं. यात पेशी नुसत्या अडकत नाहीत. त्या व्हीईजीएफ आणि पीडीजीएफसारखे वाढीचे घटक सोडतात, गोठण्याची प्रक्रिया चेतवतात आणि आर्टरीच्या आतलं अस्तर जाड होत जातं. नळी आतून अरुंद होते. मुख्यतः जठराच्या ॲडिनोकार्सिनोमात दिसतो. किडनीत विरळाच, पण आहे. पल्मनरी हायपरटेन्शन दिवसागणिक वाढतं, डी-डायमर चढलेला, प्लेटलेट घसरलेले असू शकतात. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या आर्टरीतला गाठीचा अडथळा पल्मनरी हायपरटेन्शनच्या गट चारमध्ये आहे आणि हा प्रकार गट पाचमध्ये. उपचारही त्यानुसार वेगळे: पहिल्यात शस्त्रक्रियेचा विचार होतो, दुसऱ्यात शस्त्रक्रियेने काढण्यासारखं काही नसतं, कॅन्सरवरचं औषध लवकर सुरू करणं एवढंच हातात असतं.

पेशंट झेपेल अशा अवस्थेत असेल आणि एट्रियममध्ये थ्रॉम्बस नसेल तर मानेतून राइट हार्ट कॅथेटरायझेशन. पल्मनरी आर्टरीतला सरासरी दाब २० च्या वर आणि वेज (कॅथेटर बारीक फांदीत अडकवून मोजलेला, हृदयाच्या डाव्या बाजूचा अंदाज देणारा दाब) १५ पर्यंत असेल तर अडथळा फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतच आहे. त्याच वेळी कॅथेटर वेज करून तिथून ओढलेलं रक्त सायटोलॉजीला पाठवता येतं. पॅथॉलॉजिस्टला संशय आधी कळवा, कारण फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत मेगाकॅरिओसाइट्स (प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी) सापडतात आणि त्या कॅन्सरपेशींसारख्या दिसतात.

सिल्डेनाफिल किंवा रिओसिग्वाट (पल्मनरी हायपरटेन्शनवरची औषधं) आंधळेपणाने सुरू करू नका. गाठीने अडलेली नळी त्यांनी उघडत नाही, बीपी मात्र पडतं.

---

औषधोपचार_कर्करोग

मंद_श्वास यांच्या यादीत एक भर. पेशंट आधीच कॅन्सरच्या औषधांवर असेल तर धापेची कारणं बदलतात. एव्हरोलिमसने न्यूमोनायटिस (फुफ्फुसाचा दाह) होतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबनेही होतो. त्यात सीटीवर ग्राउंड ग्लास (धुरकट काचेसारखे डाग) दिसतं आणि स्टिरॉइडला प्रतिसाद मिळतो. रक्तवाहिन्यांच्या अडथळ्यात मिळत नाही. सुनिटिनिबने डाव्या व्हेंट्रिकलचा जोर कमी होऊ शकतो, मग उजवीकडचा दाब वाढलेला दिसतो तो मागून आलेला असतो. म्हणून वेज प्रेशर मोजल्याशिवाय निष्कर्ष नको.

व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा घटक) रोखणारी औषधं म्हणजे सुनिटिनिब, पाझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब. यांनी गुठळीचा आणि रक्तस्रावाचा, दोन्ही धोके वाढतात. किडनीच्या कॅन्सरचे फुफ्फुसातले डाग रक्तवाहिन्यांनी भरलेले असतात. मोठ्या ब्रॉन्कसला किंवा पल्मनरी आर्टरीला लागून डाग असेल तर औषध सुरू करण्याआधी खोकल्यातून रक्त येतं का, हे स्पष्ट विचारा. चमचाभर ताजं लाल रक्त आलं तरी औषध आणि अँटिकोॲग्युलंट दोन्हींचा त्याच दिवशी फेरविचार करायचा. पुढच्या ओपीडीपर्यंत थांबायचं नाही.

ऑपरेशन ठरलं तर औषध आधी बंद करावं लागतं, नाहीतर जखम भरत नाही. ॲक्सिटिनिब किमान २ दिवस, पाझोपॅनिब किमान ७ दिवस, सुनिटिनिब आणि कॅबोझँटिनिब किमान ३ आठवडे आधी. मूत्ररोग_शल्य यांनी स्कॅनला १४ दिवसांची मर्यादा सांगितली आहे, ती इथे लक्षात ठेवा: सुनिटिनिब बंद केल्यावरच्या त्या ३ आठवड्यांत थ्रॉम्बस वर सरकू शकतो, म्हणून शेवटचा स्कॅन औषध थांबवतानाचा नको, ऑपरेशनच्या आठवड्यातला हवा.

रक्त पातळ करायला इंजेक्शनवरून गोळ्यांवर आणायचं असेल तर ॲपिक्साबॅन किंवा रिव्हारॉक्साबॅन सोयीचे आहेत, पण दोन्ही सीवायपी३ए४ आणि पी-ग्लायकोप्रोटीन (औषधं शरीराबाहेर काढणारी प्रथिनं) यांच्या वाटेने जातात. कॅन्सरच्या गोळ्या, बुरशीवरची ॲझोल औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन आणि टीबीचं रिफॅम्पिसिन यांच्याशी त्यांचा संबंध येतो. रिफॅम्पिसिनने रक्तातली पातळी इतकी उतरते की औषध घेऊनही गुठळी होते, म्हणजे वर सांगितलेल्या चुकीच्या टीबी निदानाचा फटका इथेही बसतो. या पेशंटला लघवीतून रक्त जात असेपर्यंत एनॉक्सापॅरिनच ठेवा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेले तर डोस निम्मा, २५,००० च्या खाली गेले तर बंद.

पाठवताना रेफरल चिठ्ठीत थ्रॉम्बसची लेव्हल, तो स्कॅन कोणत्या तारखेचा आणि एनॉक्सापॅरिनचा शेवटचा डोस किती वाजता दिला, एवढं ठळक लिहा आणि सीटीची डायकॉम सीडी (मूळ डिजिटल चित्रं) सोबत द्या. नुसत्या फिल्मवर हाउन्सफील्ड मोजता येत नाहीत.